शेजारच्याला ऐकू जाईल एवढं

बुवापाडा, अंबरनाथ
८ फेब्रुवारी २०२५

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

काल घरी आलो. घशातली गाठ काढली. ती साधी निघाली. साबुदाण्याएवढी होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. जन्मभर ओरडून पप्पांनी एवढंच कमावलं, असं मनाली आकाशला म्हणाली. मी शेजारीच होतो. पण सुनेला उत्तर देता आलं नाही, आणि तिला ते माहीत होतं.

मला बोलायला बंदी आहे. कुजबुजायलाही. कुजबुजण्याने घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे. आकाशने शाळेच्या वेळची पाटी माळ्यावरून काढून दिलीय. काही हवं असलं की लिहितो. मी लिहून होईपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. घरात सगळे खुशीत आहेत.

फोनवर तुझ्याशी बोलणं आता नाही. मोबाइलवर लिहिलं तर ते तेजल वाचते, मनालीला कळवते आणि दोघी हसतात. तुझ्या लेकीने माझ्या सुनेशी एवढी मैत्री करायला नको होती. म्हणून हे बंद पाकीट. अंबरनाथ ते बदलापूर एका स्टेशनाचं अंतर. पोस्टाला जेवढे दिवस लागतील तेवढे लागोत.

मनालीने माझं पथ्य फ्रीजवर चिकटवलंय. आंबट नाही, तिखट नाही, तळलेलं नाही, कडक चहा नाही, ओरडणं नाही, खाकरणं नाही. सुकट नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवत नाही. ते तिने मनाचं घातलं असावं.

तेजलच्या हळदीची काळजी करू नकोस. अक्षय्य तृतीयेला वेळ आहे. तोवर आवाज येईल. आपल्या नात्यातल्या मांडवात माईक अजून दुसऱ्याच्या हातात गेलेला नाही. लोक हळदीला मटण खायला येतात असं तुला वाटतं. मटण त्यांना घरीही मिळतं. ते येतात स्वतःचं नाव माईकवर ऐकायला.

लोभ ठेव. सुकटीचं काही करता आलं तर बघ.

दादा

———

बदलापूर गाव
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाठ साधी निघाली हे वाचून देवीपुढे नारळ ठेवला. मग उरलेलं पत्र वाचलं आणि हसत बसले. अंगणवाडीत माझी सारी नोकरी हाताची घडी, तोंडावर बोट करून घेण्यात गेली. गावची दोन पिढ्यांची पोरं गप्प केली, तू तेवढा राहिला होतास. त्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग. पाटीवर लिहून.

शनिवारी आकाश येतोय. त्याच्या पिशवीत तळाशी सुकट ठेवते, वर मेथीची जुडी. खाऊ नकोस, नुसता वास घे. वास घेऊ नको असं फ्रीजवर लिहिलेलं नाही.

आता कामाचं. परवा मी लग्नाचं आवतण घेऊन उल्हासनगरला गेले होते, कॅम्प पाचला, आण्णाकडे. जीन्सला काजं-बटणं करायची त्याची मशीनं एवढी घरघरतात, की मी दारात उभी राहून दोनदा हाक मारली तरी त्याला पत्ता नाही. सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारात राहून तो आता सगळ्यांना साईं म्हणतो. मलाही म्हणाला. मी म्हटलं, साईं काय साईं, मी चिमीताई. मग चहा मागवला, तेजलचा फोटो बघितला, नवरामुलगा अक्षय कुठे कामाला आहे ते विचारलं. आणि शेवटी म्हणाला, की आहेर घरी आणून देईन, मांडवात येणार नाही. त्या मांडवात माईक कुणाच्या हातात असणार ते त्याला ठाऊक आहे.

दादा, आठ वर्षं झाली. आकाशच्या हळदीत तू अख्ख्या पंचक्रोशीची नावं पुकारलीस आणि सख्ख्या धाकट्या भावाचं राहिलं. तू म्हणतोस, पुकारलं होतं, लाईट गेली. तो म्हणतो, माझं नाव आलंच नाही. दोघंही खरं बोलत असाल. म्हणून काय जन्मभर तोंड फिरवून बसायचं? समोरासमोर आलात की मध्ये तिसरं माणूस उभं करून बोलता. गेल्या दिवाळीत माझ्या ओटीवर माणूस नव्हतं, तर तुम्ही कुत्र्यामार्फत बोललात. तू त्याला म्हणालास, सांग तुझ्या मामाला, गाडी आडवी लावलीय.

तेजलचे बाबा नाहीत. बोहल्यामागे उभे राहायला तिला दोन मामा आहेत आणि मला दोन्ही हवेत. एकाची जागा रिकामी राहिली तर सगळा गाव ती रिकामी जागाच बघेल. पोरगीही तीच बघेल. आण्णाची अट एवढीच आहे, की दादाने स्वतःच्या तोंडाने ये म्हणावं. चिठ्ठी नको, फोन नको, मध्ये आकाश नको.

तोंडाला बंदी आहे असं तू म्हणशील, म्हणून आत्ताच लिहितेय. बंदी उठेपर्यंत विचार करून ठेव.

पेज पातळ झाली तरी चालेल, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी चिमी

———

बुवापाडा, अंबरनाथ
१ मार्च २०२५

चि. चिमीस,
अ. आ. वि. वि.

सुकट पोचली. मेथीही. मनालीने दोन्ही बाहेर काढलं, मेथीची भाजी केली आणि सुकट शेजारणीला दिली. वाटी परत करताना शेजारीण म्हणाली, की फार छान होती.

आण्णाचं. मी नाव पुकारलं होतं. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. आधी गाव, मग घर, मग नाव. गाव आलं की माणूस कान टवकारतो. घर आलं की हातातला ग्लास खाली ठेवतो. नाव येईपर्यंत तो टोपी सरळ करून तयार असतो. एकदम नाव घेतलं तर बिचारा घास तोंडात असताना सापडतो. त्या संध्याकाळी मी तिन्ही घेतली. लाईटने त्यातलं किती खाल्लं ते मला माहीत नाही. जनरेटर सुरू झाला तेव्हा दारात पुढचे पाहुणे उभे होते. एकदा पुकारलेलं नाव दुसऱ्यांदा पुकारायचं नाही, हा माईकचा नियम आहे. भावासाठी मोडला असता तर बाकीच्यांनी काय समजायचं? तो नियम कुणी केला असं तू विचारशील. मीच केला. म्हणून तर मला मोडता येत नाही.

बोलणं बंद, टीव्हीचा कंटाळा. मनालीने तिच्या एम. ए.च्या वेळचा जाडजूड शब्दकोश हातात दिला. कंपनीत शिफ्ट संपेपर्यंत रेडिओची मासिकं वाचायचो, त्यानंतर एवढं मोठं काही उघडलं नव्हतं. म्हटलं, ज्या शब्दाने आपल्याला धरून ठेवलंय तोच आधी बघू. पथ्य.

मला वाटलं होतं, मनाई असा काहीतरी अर्थ असेल. निघालं उलटं. पथ म्हणजे वाट. पथ्य म्हणजे वाटेला धरून असलेलं, शरीराच्या वाटेला मानवणारं. पथिकात आहे तोच हा पथ. म्हणजे जे चालतं ते पथ्य. जे चालत नाही ते अपथ्य. हिरड्याचं एक जुनं नाव पथ्या आहे, कारण तो बहुतेकांना मानवतो. मनालीने वर आणखी सांगितलं, की जुन्या वैद्यांच्या मते पथ्य नुसतं मानवून भागत नाही, ते मनालाही आवडायला हवं.

म्हणजे फ्रीजवर आहे ते पथ्य नाहीच. मी पाटीवर लिहिलं, की मथळा चुकलाय. ती म्हणाली, की पप्पा, मराठीत आता पथ्य म्हणजे खाऊ नका असंच झालंय, शब्दांच्या वाटा बदलतात. मी लिहिलं, शब्द बदलला तरी सुकट तीच आहे. तिने पाटी पुसली.

पण आपण लोक कसे आहोत बघ. काय चालतं हे सांगायला एक चांगला शब्द मिळाला होता. तो आपण काय चालत नाही हे सांगायला वापरून टाकला.

आण्णाचा विचार करतो. पथ्यावर असल्यामुळे घाई करता येत नाही.

मायेत खंड नसावा.

दादा

———

बदलापूर गाव
९ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पथ्याची फोड दोनदा वाचली. पहिल्यांदा तुझं कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की सुकट खायची असली की तू शब्दकोश उघडतोस आणि आण्णाशी बोलायचं आलं की फ्रीजवरच्या कागदाकडे बोट दाखवतोस. एक काय ते ठरव.

मी सांगते. येत्या खेपेला डॉक्टरपुढे पाटी धर आणि लिही, की काय चालत नाही ते कळलं, आता काय चालतं ते सांगा. तुझाच शब्द आहे, तूच विचार. तो काय म्हणतो ते मला कळव. काही लपवू नकोस, मनाली मला खरं सांगते.

इकडे बरं आहे. तेजलने हळदीची साडी घेतली, पिवळी. हळदीने पिवळीच होणार असलेली साडी पिवळी कशाला घ्यायची, असं मी विचारलं तर म्हणाली, आई, तुला नाय कळणार. अक्षय परवा येऊन गेला. बोलतो कमी, मान जास्त हलवतो. या घरात खपून जाईल. वांगी उतरलीत. तुला चालत नाहीत म्हणून पाठवत नाही. चालतात का तेही विचार.

आणखी एक. मागच्या पत्रात तुझं अक्षर फार दाबून आलंय. कागद मागून उठलाय. लहानपणी तू दोनच वेळी असं लिहायचास, राग आला की, नाहीतर घाबरलास की. आण्णाचा राग मला माहीत आहे, तो आठ वर्षांत सपाट झालाय. मग भीती कसली आहे, ते लिही.

लोभ असू दे. नसला तर येऊन भांडेन, आणि तुला उत्तर देता येणार नाही.

तुझी चिमी

———

बुवापाडा, अंबरनाथ
२४ मार्च २०२५

चि. चिमीस,
अ. आ. वि. वि.

विचारलं. बाहेर पेशंटची गर्दी होती, तरी डॉक्टर पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, की लोक त्याला काय काय बंद करू एवढंच विचारतात, हे कुणी विचारत नाही. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि सांगितलं. वरण, भात, तूप, दुधी, केळं. चहा कोमट. वांगी चालतील, कमी तेलात. आवाजाला आता हळूहळू सुरुवात करायची. थोडं बोलायचं, थांबायचं, पाणी प्यायचं. एका जागी बसून, शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढं. त्यापुढे नाही.

मी लिहिलं, माईक?

तो नाही म्हणाला.

मी लिहिलं, अक्षय्य तृतीयेला? तो म्हणाला, की तेव्हाही नाही आणि त्यापुढचंही आत्ता धरून चालू नका. माईक हातात आला की आवाज आपोआप चढतो, माणसाला स्वतःला कळत नाही.

तू भीती विचारलीस. ती ही.

आपल्या आजोबांचा आवाज मिठागराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जायचा, असं आई सांगायची. आबांचा आळीच्या टोकापर्यंत जायचा. माझा एमआयडीसीत, सगळी मशीनं चालू असताना, पलीकडच्या ऑपरेटरला ऐकू जायचा. आता तो एका माणसापुरता आहे.

पहिल्यांदा काय बोललो ते विचारशील. मनालीला म्हणालो, की वरणात मीठ कमी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ वाढवलं नाही.

हळदीच्या माईकचं बघ. डीजेवाल्याचा पोरगा नको, तो म्हाताऱ्या माणसांनाही भाई म्हणतो. आपल्या नात्यातला प्रज्वल नको. गेल्या वर्षी त्याने मयत झालेल्या माणसाचं स्वागत केलं आणि त्याची बायको समोर बसलेली होती. कुणीतरी जाणता बघ.

मी येईन. मागे कुठेतरी बसेन.

लोभ आहे तसा राहू दे.

दादा

———

उल्हासनगर, कॅम्प ५
६ एप्रिल २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही. पण तू लिहितेस, दादा लिहितो, म्हटलं आपणच का मागे राहायचं. कोऱ्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहितोय, राग नको मानू.

तू म्हणतेस, हळदीत माईक मी धरायचा. ताई, तू पण कमाल करतेस. मला कॅम्प पाचात येऊन किती वर्षं झाली. इथल्या गल्लीत मी सगळ्यांना ओळखतो, पण ते काय आपल्या हळदीला येणार नाहीत. आपली माणसं मला तोंडाने ओळखू येतात, नावाने नाही. खालच्या आळीचा कोण, वरच्या आळीचा कोण, कुणाची सून कुठल्या गावची, हा सगळा माल दादाच्या गोडाऊनमध्ये. मी आपला साईं साईं करत बसणार. फुकट लोचा होईल आणि तेजूची हळद लोकांच्या लक्षात राहील ती माझ्यामुळे.

आणि खरं सांगू? आकाशच्या हळदीत मी मांडवाच्या दुसऱ्या खांबाला उभा होतो. नवा शर्ट घातला होता. माईकवर आलं, बुवापाडा. मी ग्लास खाली ठेवला. मग आलं, रखमाबाईंच्या घरचे. आईचं नाव, ताई. मी कॉलर नीट केली. आणि लाईट गेली. मी अंधारात तसाच उभा, तोंड हसरं करून. लाईट आली तर माईकवर दुसरंच गाव. मी आपला हसतोय.

साफ विसरला असता तर मी त्याच रात्री सोडून दिलं असतं. माणूस आहे, विसरतो. पण मला अर्धा पुकारून ठेवलाय त्याने. आठ वर्षं अर्धाच आहे मी.

हे दादाला सांगू नको. त्याला बरा होऊ दे. दुधी खातो म्हणे. दुधी! मी त्याच्यावर कितीपण रागावलो असेन, एवढं वाईट कधी चिंतलं नव्हतं.

अट तीच. तोंडाने बोलावलं तर येईन. माईकचं नाव काढू नको. गोळ्या वेळेवर घे, चहात साखर कमी टाक, आणि या अडाणी भावावर जीव असू दे.

तुझा आण्णा

———

बदलापूर गाव
११ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत आण्णाचं पत्र. दादाला सांगू नको असं त्याने त्यात लिहिलंय. मी सांगत नाहीये, पाठवतेय.

माईकच्या टेबलाशी दोन खुर्च्या लावायला मांडववाल्याला सांगितलंय. जवळजवळ. एकीवर ज्याला आवाज आहे तो बसेल, दुसरीवर ज्याला नावं ठाऊक आहेत तो. डॉक्टरने शेजारी बसलेला माणूस म्हटलंय. शेजारी कोण बसावा हे त्याने म्हटलेलं नाही, ते मी बघते.

एवढं चालतं. मनाला आवडायलाही हवं असं तुमचे वैद्य म्हणतात, ते मात्र माझ्या हातात नाही.

उत्तर लवकर दे. लग्नघरात मला पोस्टमनची वाट बघायला वेळ नाही, तरी बघते.

तुझी चिमी

———

बुवापाडा, अंबरनाथ
२० एप्रिल २०२५

चि. चिमीस,
अ. आ. वि. वि.

आण्णाचं पत्र वाचलं. ते परत पाठवत नाही, माझ्याकडे ठेवतो.

त्याने आईचं नाव ऐकलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी धरून चाललो होतो, की एकतर त्याने सगळं ऐकलंय आणि उगाच रुसलाय, नाहीतर काहीच ऐकलं नाही आणि मी खोटा. मधलं काही असेल असं वाटलं नाही.

काल आकाशला घेऊन कॅम्प पाचला गेलो. मशीनं चालू होती. दारातून म्हणालो, की हळदीला ये. ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. त्याची मान खालीच. मशीन बंद कर असं ओरडून सांगितलं असतं, पण ते मला चालत नाही. आकाश सांगायला पुढे निघाला, त्याला हाताने मागे ठेवला. आत गेलो. कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत त्याच्या खांद्यापर्यंत जावं लागलं. कानाशी म्हणालो.

त्याने मशीन थांबवली नाही. काज मात्र वाकडं गेलं. ते त्याने उसवून बाजूला ठेवलं आणि खिडकीतून खाली ओरडून दोन चहा मागवले, त्यातला एक कोमट.

बाकी बोलणं झालं नाही. माईकचं मी काढलं नाही, त्यानेही नाही. येतो असंही तो म्हणाला नाही. चहा प्यायलो आणि निघालो.

जनरेटर चांगला सांग. डिझेल आदल्या दिवशी भरून ठेवायला लाव.

माया असू दे.

दादा

———

बदलापूर गाव
५ मे २०२५

चि. सौ. तेजलला,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, की हळदीत सगळा मांडव एकदम हसला तो कशाला. तू पाटावर होतीस, डोळ्यांत हळद गेली होती आणि तुझ्या काकू थांबायला तयार नव्हत्या. फोनवर सांगितलं असतं, पण मला आता लिहायची सवय लागलीय. नवीन घरात आईचं पत्र आलेलं बरंही दिसतं.

तुझा मोठा मामा, हरिचंद्रमामा, आधी आला. दोन खुर्च्या बघितल्या आणि आतल्या बाजूच्या खुर्चीवर बसला. माईक टेबलावर होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. आण्णामामा उशिरा आला. दाराशी उभा, मग खांबाशी, मग टेबलाच्या पलीकडे. तेवढ्यात वांगणीचे पाहुणे आले आणि त्यांचं नाव घ्यायला कुणी नव्हतं. ते दारातच घोटाळले. प्रज्वल माईककडे धावला. त्याला बघून दोन्ही मामांचं एकमत झालं. आण्णाने माईक उचलला आणि खुर्चीवर बसला.

सुरुवातीला काही खरं नव्हतं. दादा गाव सांगायचा, आण्णा ते माईकवर घ्यायचा. मग घर. मग नाव. पण आण्णा प्रत्येक नावापुढे साईं लावत होता. चौथ्या पाहुण्याला दादाने कोपर मारलं. कोपर पथ्यात बसतं. मग साईं बंद झालं. पुढे पुढे तर दादा नुसता ओठ हलवायचा आणि आण्णा त्याच्याकडे न बघता, कान तेवढा तिकडे करून, पुकारत जायचा. दादा मध्येच थांबून पाणी प्यायचा तेव्हा आण्णा पाहुण्यांना पंख्याखाली बसा, थंड घ्या असं सांगून वेळ काढायचा. डीजेवाला कंटाळला. मी मटणाच्या टोपाशी उभी राहून बघत होते आणि माझा रस्सा खाली लागला. तो लागल्याचं कुणाला सांगू नकोस.

पाहुणे ओसरले. दारात कुणी नव्हतं. दादा पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा सांगितलं. आण्णाने माईकवर घेतलं, बुवापाडा. दादाने पुढचं सांगितलं. आण्णा बोलून गेला, रखमाबाईंच्या घरचे. आणि थांबला.

माईक चालू होता. मांडवाला त्याचा श्वास ऐकू गेला.

मी जनरेटरकडे बघितलं. तो नीट चालला होता. दादाचे ओठ हलले, ते मी बघितलं. आण्णाने माईक खाली घेतला. तो वळून दादाकडे बघत राहिला. मग दादाने तेच दुसऱ्यांदा सांगितलं. तुझा मोठा मामा कुणाचं नाव दुसऱ्यांदा घेत नाही, तुला माहीत आहे. आण्णाने माईक तोंडाशी नेला आणि स्वतःचं नाव पुकारलं, पूर्ण, शाळेतलं, त्याच्या बायकोलाही पटकन आठवत नाही ते, हरेश पांडुरंग भोपी. आणि संध्याकाळभरच्या सवयीने पुढे म्हणाला, यांचं या मांडवात सहर्ष स्वागत आहे.

तेव्हा मांडव हसला. तुझ्या काकूंचा हात तेव्हाच थांबला असेल.

नाव आलं की उभं राहून नमस्कार करायचा असतो. हातात माईक घेऊन नमस्कार कसा करणार? तो त्याने दादाच्या हातात दिला, उठला, कॉलर नीट केली आणि चारी बाजूंना हात जोडले. लोक हळूहळू गप्प झाले, कारण माईक आता दादाकडे होता. सगळ्यांना वाटलं, हा बोलणार. मलाही वाटलं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मनाली पाण्याचा तांब्या घेऊन अर्ध्या वाटेत उभी.

दादाने माईकचं बटण बंद केलं आणि तो मांडीवर आडवा ठेवला. आण्णा खाली बसला. मग दादा त्याच्याकडे झुकून काहीतरी म्हणाला. बराच वेळ म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी बोहल्यामागे दोघं उभे होते ते तू पाहिलंसच. आण्णाचे डोळे लाल होते ते धुराने, असं तो सांगतो. बोहल्याशी धूर नव्हता.

आता दादा रोज संध्याकाळी त्याला फोन करतो. डॉक्टरने दिलेलं दिवसाचं बोलणं तो तिथेच संपवतो आणि घरी पाटीवर लिहितो, म्हणून मनाली वैतागलीय.

अक्षयला आशीर्वाद, त्याच्या आईवडिलांना नमस्कार. सासरी जीव लाव, पण आमच्या वाटचा थोडा बाजूला काढून ठेव.

तुझी आई

ता. क. दादा त्या दिवशी कानात काय म्हणाला, ते मी दोघांनाही विचारून बघितलं. दादा पाटी शोधायला आत निघून गेला. आण्णा म्हणतो, विचारू नको साईं, सांगायला पथ्य आहे.